दाणोबाची कात आणि आइस्क्रीमची बादली

आमच्या घरात आजवर झालेल्या भांडणांत सगळ्यात जास्त दिवस चाललेलं भांडण आइस्क्रीमच्या एका रिकाम्या डब्यावरून झालं. डबा कसला, बादलीच ती, एक गॅलनची, म्हणजे आपल्या हिशोबाने पावणेचार लिटर, वर घट्ट झाकण आणि धरायला प्लास्टिकची कडी. इकडे अमेरिकेत, मिनेसोटात, बाहेर उणे वीस असलं तरी लोक घरात बसून बादलीने आइस्क्रीम खातात, आम्हीही खायला लागलो, वाण नाही पण गुण लागला. आई सप्टेंबरात सांगलीहून आली तेव्हा बादली जवळजवळ भरलेली होती आणि तिने पहिल्याच दिवशी फ्रीजर उघडून जाहीर केलं की ही संपली की मला भाजणी ठेवायला. जानेवारीत संपली. आणि मी तिला भोक पाडलं.

सापासाठी.

साप माझा नाही, हे आधीच सांगतो. मुलाचा आहे. मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजला गेला, त्याच्या हॉस्टेलमध्ये माशांशिवाय दुसरा कुठलाही प्राणी चालत नाही, आणि "बाबा, फक्त थँक्सगिव्हिंगपर्यंत", म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणापर्यंत, असं म्हणून त्याने जे चार फुटी काचेचं टँक माझ्या गळ्यात घातलं ते अजून गळ्यातच आहे. आत बॉल पायथन. अजगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बकरी गिळणारं प्रकरण येतं, पण ही आफ्रिकेतली छोटी जात आहे, आमचा साडेतीन फुटाचा, वजन दीड किलोच्या आत, आणि घाबरला की चावायच्या ऐवजी स्वतःचंच मुटकुळं करून डोकं मधे लपवतो, म्हणून तर नाव बॉल. मुलाने त्याचं नाव पीनट ठेवलेलं. आईने त्याचं दोन दिवसांत शेंगदाणा केलं आणि आठवड्यात दाणोबा. नागोबा, तसा दाणोबा.

आईचं माहेर बत्तीस शिराळ्याच्या बाजूचं. नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व्हायची ते गाव, पुढे कोर्टाने ते बंद केलं. त्यामुळे तिला सापाची भीती अशी नाही, पण पंचमीचा नाग वेगळा आणि पोटच्या पोराच्या घरात सोफ्याला लागून काचेच्या पेटीत ठेवलेला वेगळा. शिवाय तिचा एक नियम, दिवेलागणीनंतर साप हा शब्द उच्चारायचा नाही, जनावर म्हणायचं नाहीतर लांबडं. आता मिनेसोटात जानेवारीत पावणेपाचलाच दिवेलागण होते, त्यामुळे आमच्याकडे दिवसातले अर्ध्याहून जास्त तास साप हा शब्दच बंद.

(सांगलीच्या एका मावसभावाने फोटो बघून लगेच मेसेज केला, भारीय रे, आपण पण एखादा धरून पाळू. त्याला कळवलं की बाबा तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपले देशी साप घरात ठेवणं हा गुन्हा आहे, तू मांजर पाळ. त्याने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.)

तर एका संध्याकाळी मुलाचा फोन आला, मी फोन स्पीकरवर टाकून भाजी परतत होतो, तो म्हणाला, "बाबा, त्याचं शेडिंग ड्यू आहे, लक्ष ठेव." आई लगेच आतून बाहेर. "इथे पण शेडिंग? किती वाजता जाणार लाईट?" आणि मी काही बोलायच्या आत तिने पिठाच्या गिरणीवाल्याला शिव्या देतात त्या सुरात अमेरिकेच्या वीज मंडळाचा उद्धार सुरू केला. मग तिला समजावलं की आई, लोडशेडिंग नाही, कात टाकणार आहे तो. "मग कात म्हण की! शेडिंग काय."

कात टाकणे हा मराठीतला फार स्वस्त झालेला शब्दप्रयोग आहे असं माझं आता ठाम मत आहे. पेपर उघडावा तर एसटी कात टाकतेय, मंडई कात टाकतेय, कुठलं तरी नाट्यगृह दर पाच वर्षांनी कात टाकतंय. हे लिहिणाऱ्या एकाही माणसाने प्रत्यक्ष कात टाकणारा साप पंधरा दिवस सांभाळलेला नाही, नाहीतर त्याने सरळ रंगरंगोटी असं लिहिलं असतं. कात टाकायची म्हणजे आधी पोट गुलाबी पडतं, मग अंगावरची नक्षी कळकट होते, मग डोळे निळसर दुधाळ होतात कारण जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे पाण्यासारखा एक द्रव भरतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो खात नाही आणि कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. आईचं मागच्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तिने काचेला नाक लावून त्याचे डोळे बघितले आणि एवढंच म्हणाली, "अरेरे, ह्याला पण." तिथून पुढे ती त्याच्या पार्टीत.

आता या सगळ्याला लागतो ओलावा. एरवी टँकमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास ह्युमिडिटी चालते, कातीच्या दिवसांत सत्तरच्या वर हवी, नाहीतर कात सुकून अंगालाच चिकटते. आणि आमच्या घरात जानेवारीत किती असते? सतरा. फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, चोवीस तास गरम कोरडी हवा फेकतं, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो, माझ्या टाचांना भेगा, बायकोच्या नाकातून रक्त, आणि आई सकाळ-संध्याकाळ हाताला खोबरेल चोळत बसलेली. त्यात टँकला वरून जाळीचं झाकण आणि त्यावर उष्णतेचा दिवा, म्हणजे मी आत जेवढं पाणी फवारणार ते तासाभरात छताला.

नोव्हेंबरची कात मी अशीच बिनपाण्याची काढली होती. म्हणजे काढली काय, निघालीच नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीचे पोपडे निघावेत तशी तुकड्या-तुकड्यांनी निघाली, अर्धी अंगावर अर्धी लाकडावर, आणि शेपटीच्या टोकाला अंगठीसारखा एक तुकडा अडकून राहिला. मला वाटलं राहू दे, पडेल. फोटो पाठवला तर मुलाचा क्लासमधून फोन, कुजबुजत, "बाबा, दॅट इज बॅड." ती अंगठी सुकून आवळत जाते आणि पुढचा रक्तपुरवठा बंद होऊन शेपटीचं टोकच झडू शकतं. मग एका मोठ्या टबात कोमट पाणी, त्यात त्याला अर्धा तास, मी शेजारी स्टुलावर राखण करत, आणि नंतर ओल्या टॉवेलमधून त्याला सरपटू द्यायचं म्हणजे घासून तुकडा सुटतो. ओढायचं नाही. डोळ्यांवरची कात तर अजिबात ओढायची नाही, सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक काच असते आणि कातीबरोबर तीही निघते, ती राहिली आणि तुम्ही चिमट्याने काढायला गेलात तर डोळा जायचा. तेव्हा निघाली सगळी, नशीब. पण पुढच्या वेळी ह्युमिड हाइड करायचं असं मुलाने मला जवळजवळ शपथेवर कबूल करायला लावलं.

ह्युमिड हाइड म्हणजे लपायला एक बंद डबा, आत ओलं शेवाळ, एका बाजूला भोक. सापाने आत जायचं, वेटोळं घालायचं आणि ओल्या अंधारात पडून राहायचं. आईला मी हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे बाळंतिणीची खोली." मला तरी याहून चांगली व्याख्या कुठे मिळाली नाही. दुकानात प्लास्टिकचे तयार दगड मिळतात यासाठी, गुहेच्या आकाराचे, पण मी म्हटलं पंचवीस डॉलर कशाला, बादली आहे की घरात. सुरी गॅसवर तापवली, बाजूला वरच्या अंगाला भोक पाडलं, कडा सँडपेपरने घासल्या कारण धार राहिली तर त्याचंच अंग कापायचं. आई हे सगळं ओट्याशी उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. भाजणी तिने नंतर तीन वेगवेगळ्या दह्याच्या डब्यांत भरली आणि प्रत्येक वेळी तो डबा काढताना माझ्याकडे बघायची.

आत घालायचं शेवाळ म्हणजे स्फॅग्नम मॉस, वाळवलेलं, विटेसारखं दाबून पाकिटात येतं. हे स्वतःच्या वजनाच्या वीस-वीस पट पाणी धरून ठेवतं, पहिल्या महायुद्धात कापूस पुरेना तेव्हा सैनिकांच्या जखमांवर याच्या पट्ट्या बांधायचे. टँकमध्ये खाली पसरायला वेगळा भुसा लागतो, तोही मी विकत आणतो, नारळाच्या सोडणांचा, पाकिटावर श्रीलंका लिहिलेलं. आईने पाकीट उघडून दोन बोटांत चोळून वास घेतला. "हा काथ्या आहे." होय. "किती दिले?" मी अर्धी किंमत सांगितली. बायको चिपळूणची, तिने पलीकडून पूर्ण किंमत सांगितली, आणि वर आमच्याकडे हे बंबात घालायचे असंही सांगितलं. दोघी एका सुरात इतकं हसल्या, इतकं हसल्या की लग्नाच्या वीस वर्षांत मी त्यांना असं एकमताने कधी बघितलं नव्हतं.

तर पहिल्या दिवशी मी मॉस बादलीभर पाण्यात बुडवलं, उचललं आणि तसंच टपटपतं डब्यात भरलं. ओलावा हवाय ना, घे ओलावा. हायग्रोमीटरची, म्हणजे ओलावा मोजायच्या यंत्राची, सुई आत सोडली तर ९९ टक्के. मी खूश. दाणोबा पण आत गेला, वेटोळं घातलं, मी मुलाला फोटो पाठवला, त्याने हृदय पाठवलं. तीन दिवस मी दर दोन तासांनी झाकण उघडून बघत होतो की बरं चाललंय ना, आणि सुकलं असेल म्हणून उघडलं की वरून अजून एक फवारा.

चौथ्या दिवशी वास यायला लागला.

हा वास कसा सांगू. पावसाळ्यात एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला ओलं पोतं आठवडाभर पडून राहिलं आणि त्यावर कुणीतरी खडूची पेटी सांडली तर येईल तसा. झाकण उघडलं. मॉसवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी, खाली दोन बोटं पाणी साचलेलं, आणि मधोमध, कोपऱ्यात वगैरे नाही, बरोब्बर मधोमध, दाणोबाने कार्यक्रम उरकलेला. सापाच्या लघवीचा पांढरा ओल्या खडूसारखा गोळा असतो आणि बाकीचं त्याच्या शेजारी, आणि एकट्या जिवाच्या मानाने ऐवज भरपूर. महिनाभराची शिल्लक एकदम काढल्यासारखी. आणि हे असताना तो स्वतः त्याच्यावरच बसलेला, दुधाळ डोळे, माझ्याकडे बघतोय की भिंतीकडे कळायला मार्ग नाही.

बाहेर उणे चोवीस, रात्रीचे साडेअकरा. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलोय पण ती इतकी शब्दशः कधी अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. काढावं तर मुलगा म्हणालेला या दिवसांत हात लावू नकोस, ठेवावं तर पोटाखाली सतत घाण पाणी राहिलं की पोटाचे खवले लाल पडून सडायला लागतात, ते दुखणं कातीपेक्षा महागातलं. शेवटी हातमोजे घातले, खालून दोन्ही हातांनी आख्खं वेटोळं तसंच उचललं, उशीच्या खोळीत ठेवलं, आणि तो फुसफुसला. चावला नाही. नुसता फुसफुसला, पण त्या फुसकारण्याने मी जो मागे सरकलो तो थेट पाण्याच्या भांड्यावर.

बादली घेऊन किचनकडे निघालो तर आई पॅसेजमध्ये उभी. "सिंकमध्ये नाही." मी म्हटलं आई धुऊन घेतो ना नंतर. "सिंकमध्ये नाही म्हणून सांगितलं. त्याची बादली वेगळी, त्याचा ब्रश वेगळा, त्याचं फडकं वेगळं, आणि हात साबणाने कोपरापर्यंत." आता गंमत अशी की हे सोवळं शंभर टक्के बरोबर आहे, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा, पोट बिघडवणारा जंतू असतो, चांगले धडधाकट दिसणारे प्राणीही तो घेऊन फिरतात, इथे लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणाने, पोरं कासव तोंडात घालायची. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये सापाचं काही धुऊ नका हे इथलं आरोग्य खातंही सांगतं. पण आरोग्य खातं रात्री साडेअकराला पॅसेजमध्ये हात कमरेवर ठेवून उभं राहत नाही. मी गराजमध्ये गेलो, जाकीट घालून. गरम पाणी आणि साबणाने बादली घासली, मग जंतुनाशक टाकून दहा मिनिटं ठेवली, मग वास जाईपर्यंत खळखळून धुतली, मग कोरडी केली. बोटं गेली होती कामातून. मॉस सगळं कचऱ्यात.

"सगळं टाकलंस?" आई. "धुऊन वाळवून नसतं चाललं?" यावर बायको झोपेतून उठून आली आणि म्हणाली, आई, बुरशीतलं मला कळतं, चिपळूणला जुलैत आमच्या चपला, पट्टे, देवघरातली पोथी, सगळ्यावर यायची, ती एकदा धाग्यात शिरली की धुऊन जात नाही. तो विषय मिटला.

नवीन मॉस भिजवलं. मी तसंच उचलून भरायला निघालो आणि आईने माझ्या हातातून ओढून घेतलं. रबरी हातमोजे तिने आधीच घातलेले, तेही बरोबरच, या शेवाळात कधीकधी एक बुरशी असते आणि हाताला कुठे चिरलं असेल तर ती आत शिरते.

"तू मटकीला मोड आणतोस का कधी?"

नाही.

"तरीच." आणि तिने पिळायला सुरुवात केली. मूठभर घ्यायचं, पिळायचं, उलटं करायचं, परत पिळायचं. पाणी टपकायचं थांबलं की हलक्या हाताने पिंजून मोकळं करायचं. तिचं म्हणणं असं की पाण्यात बुडलेली मटकी कुजते, कोरडी ठेवली तर मोडच येत नाही, आणि जी ओलसर फडक्यात उबेला बांधून ठेवली आणि विसरून गेलो तिलाच बोटभर मोड येतात. हाताला गार लागलं पाहिजे पण हात ओला होता कामा नये. "आणि सारखं सारखं उघडून बघायचं नाही. बघून मोड येत नाहीत."

मी मुलाकडून आलेले तीन व्हिडिओ बघितले होते, एक चाळीस मिनिटांचा. त्यात हेच सांगितलेलं, पण त्यात मटकी नव्हती म्हणून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

तिने डबा भरला, तळाला तीन बोटं, कडेने थोडं वर. जाळीच्या झाकणावर, दिव्याची जागा सोडून, पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल घातली म्हणजे वाफ एकदम पळत नाही. सकाळी हायग्रोमीटर डब्यात ८२ आणि बाहेर टँकमध्ये ६१. थेंब कुठे नाही. मग पुढचा आठवडाभर तीच बघायची, दिवसातून एकदा, भोकातून एक बोट आत घालून, आणि बोट गालाला लावून बघायची. ठीक. कधी म्हणायची, उद्या चार थेंब लागतील. मी हायग्रोमीटर बघून यायचो, तिचं बरोबर असायचं.

मधे त्याचे डोळे एकदम स्वच्छ झाले. मी म्हटलं झालं वाटतं, न टाकताच बरा झाला. हा नवशिक्याचा ठरलेला घोटाळा आहे, डोळे निवळतात ते कात पडायच्या दोन-चार दिवस आधी, खरं काम त्यानंतर. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. "मोड आता येतील," एवढंच.

आणि मी झोपलेलो असताना कात पडली. पहाटे पाचला आईला सळसळ ऐकू आली, तिने चहा केला, खुर्ची ओढून टँकसमोर बसली आणि एकटीने सगळं बघितलं. डब्यातून बाहेर येऊन त्याने आधी लाकडावर नाक घासलं, ओठापाशी कातडी उलटली, मग पायातला मोजा उलटा काढावा तशी ती मागे मागे गुंडाळत गेली आणि आतून नवा कोरा, चकचकीत, तपकिरीवर सोनेरी नक्षी असलेला दाणोबा सरपटत पुढे निघून गेला. मी उठलो तेव्हा कात जमिनीवर वर्तमानपत्रावर पसरलेली आणि आई शिवणाची टेप घेऊन ओणवी.

"चार फूट एक इंच," ती म्हणाली. "हा तर साडेतीन होता."

ओढली गेल्याने कात सापापेक्षा लांब भरते. एकसंध होती, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, ओलसर, उकडीच्या मोदकाची पारी पातळ लाटावी तशी, एकेक खवला मोजता येईल इतकी स्वच्छ. मी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि डोक्याशी बघितलं. दोन बारीक गोल काचा, दोन्ही होत्या. माझ्या आवाजात काहीतरी आलं असावं कारण आई म्हणाली, "रडतोस काय, निघाली ना." मी रडत नव्हतो. कोरडी हवा आहे इथली.

"मला उठवायचं नाहीस का?"

"तू झाकण उघडलं असतंस."

तिला कातीचा तुकडा हवा होता, पर्समध्ये ठेवला की पैसा टिकतो म्हणतात. तिला सांगितलं की अजगराची कातसुद्धा परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, विमानतळावर धरतील. तिने विचार केला आणि तो तुकडा माझ्या पाकिटात घातला, म्हणाली तुलाच गरज आहे, पंचवीस डॉलर वाचवायला माझा डबा कापलास.

फेब्रुवारीत ती गेली. जायच्या आदल्या दिवशी दुकानातून नवी बादली आणली तिने, व्हॅनिलाची, सगळं आइस्क्रीम आमच्या गळी उतरवलं आणि बादली धुऊन बॅगेत भरली, आत भाजणी. सांगलीला पोचल्यावर पहिला व्हिडिओ कॉल आला. मी विचारलं, प्रवास कसा झाला, गुडघे दुखले का. ती म्हणाली ते जाऊ दे, डबा ओला आहे का? मी फोन घेऊन टँकपाशी गेलो आणि तिला दाखवावा म्हणून झाकणाला हात घातला.

"उघडू नको!"